व्हॅनिटीचा जनरेटर दुपारीच का तापतो: पाना हातात घेण्याआधीची वजाबाकी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका तीन खोल्यांच्या व्हॅनिटी व्हॅनवरून फोन आला. "दादा, डीजी परत बंद पडला." डीजी म्हणजे गाडीचा डिझेल जनरेटर. महिनाभरातली ही पाचवी वेळ होती. त्याआधी एका गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याची रेडिएटरकडची वाट तापमानाप्रमाणे उघडणारी झडप) बदलला होता, वॉटर पंप बदलला होता, रेडिएटर उतरवून आतून साफ करून आणला होता आणि कूलंट दोनदा नवीन भरलं होतं. प्रत्येक वेळी काम झाल्यावर गॅरेजच्या दारात तासभर जनरेटर चालवून बघितला, पाणी ८५ अंशांच्या वर गेलं नाही, आणि गाडी सोडून दिली. तीन-चार दिवसांनी मढला एखाद्या बंगल्यावर शूटिंग लागलं की दुपारी अडीचच्या सुमारास पॅनलवर लाल दिवा आणि सगळ्या खोल्यांचे एसी बंद.

मी जोगेश्वरीला व्हॅनिटी आणि मोटरहोमच्या जनरेटरची कामं करतो. अशा तक्रारी दर उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "कुठला पार्ट गेलाय?" पण जनरेटर गॅरेजमध्ये नीट चालतो आणि सेटवर तापतो, तेव्हा पार्टच्या आधी दोन आकडे विचारायचे असतात. आत जाणारी हवा किती अंशांवर होती आणि पाणी किती अंशांवर होतं? या गाडीवर हे दोन आकडे एकत्र कोणीच लिहिलेले नव्हते, म्हणून महिनाभर पार्ट बदलत राहिले.

दोन आकडे आणि एक वजाबाकी

इंजिनाचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की सगळं पाणी रेडिएटरमधून फिरू लागतं. त्यानंतर लोड, म्हणजे जोडलेल्या उपकरणांचा भार, तेवढाच राहिला तर पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान यांच्यातला फरक जवळजवळ कायम राहतो. हवा ५ अंशांनी गरम झाली की पाणीही ५ अंशांनी वर जातं. हा फरक त्या मशीनची ओळख असतो. मी सर्व्हिस केलेल्या प्रत्येक जनरेटरचा फरक वहीत लिहून ठेवतो.

एक अट मात्र पाळायची. थर्मोस्टॅट अर्धवट उघडा असताना ही वजाबाकी काही सांगत नाही, कारण तेव्हा पाण्याचं तापमान तोच धरून ठेवत असतो. या गाडीच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ७१ अंशांवर उघडायला लागतो आणि ८३ ते ८५ पर्यंत पूर्ण उघडतो. म्हणून रीडिंग घ्यायचं ते पाणी ८५ च्या वर गेल्यावर, लोड निदान अर्धा तास सारखा असताना. गॅरेजच्या दारात लोड न टाकता तासभर चालवलेल्या मशीनचं पाणी त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. ती चाचणी कितीही वेळ केली तरी तिच्यातून काही कळणार नव्हतं.

हवा मोजायला प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर लागतो, तो लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. प्रोब लूव्हरच्या, म्हणजे जनरेटरच्या पेटीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या झरोक्याच्या बाहेर, हवा जिथून आत ओढली जाते तिथे अगदी जवळ टांगायचा. मोबाइलवर दिसणारं मुंबईचं तापमान इथे उपयोगाचं नाही, कारण जनरेटर सांताक्रूझच्या वेधशाळेतली हवा घेत नाही, गाडीच्या कुशीतली घेतो. पाण्यासाठी पॅनलवरचा आकडा चालेल, पण एकदा वरच्या होजजवळ, थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर लावून ताडून बघा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड खोटं, बरंच कमी तापमान दाखवतो. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

या गाडीचा दोन वर्षांपूर्वीचा आकडा माझ्या वहीत होता. दर फेजला (जनरेटरच्या तीन वीजवाहक तारांपैकी प्रत्येकीला) सुमारे १४ अँपिअर लोड, हवा ३४, पाणी ८६, फरक ५२.

आता तेवढ्याच लोडवर फिल्मसिटीत मोकळ्या मैदानात उभी करून दुपारी दोनला मोजलं. हवा ३५, पाणी ९४, फरक ५९. दुसऱ्या दिवशी मढच्या त्याच बंगल्यावर, कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी नेहमी उभी करतात तिथे मोजलं. भिंतीपासून दूर सावलीत हवा ३५ होती, पण लूव्हरपाशी ४२. पाणी चढत चढत ९८ ला पोचलं आणि जनरेटर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, कारण ट्रिपची सेटिंग ९८ वर होती. चालू राहिला असता तर ४२ अधिक ५९, म्हणजे १०१ वर गेला असता.

मशीनमध्ये ७ अंशांचा बिघाड होता आणि जागेत ७ अंशांचा. मशीन चांगलं असतं तर भिंतीपाशीसुद्धा ४२ अधिक ५२ म्हणजे ९४ वर थांबलं असतं. जागा मोकळी असली की बिघडलेलं मशीनही ३५ अधिक ५९, परत ९४ वरच थांबतं. दोन्ही एकत्र आले तरच लाल दिवा लागायचा. गॅरेजला काही सापडत नव्हतं आणि सेटवर मात्र बंद पडत होतं, ते यामुळे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खरंच बोलत होत्या.

मशीनमधले ७ अंश: रेडिएटरची न दिसणारी बाजू

गाडीवरचा मुलगा मला म्हणाला, "दादा, कालच रेडिएटर धुतलाय. बघा, चकाचक आहे." बाहेरून खरंच चकाचक होता.

मोटारीत रेडिएटर पुढे असतो आणि फॅन बाहेरची हवा ओढून इंजिनाकडे फेकतो. बहुतेक जनरेटरच्या पेटीत याच्या उलट असतं. हवा लूव्हरमधून आत येते, अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) आणि इंजिनावरून जाते, मग फॅन ती रेडिएटरमधून बाहेर ढकलतो. त्यामुळे कचरा साचतो तो रेडिएटरच्या आतल्या तोंडावर, फॅन आणि रेडिएटरची जाळी यांच्या मधल्या चार बोटांच्या फटीत. बाहेरून बघणाऱ्याला स्वच्छ तोंडच दिसतं. श्राउडचे, म्हणजे फॅनभोवतीच्या कव्हरचे चार बोल्ट काढून, आरसा आणि टॉर्च घेऊन आतून बघितलं तेव्हा जाळीच्या खालच्या निम्म्या भागावर काळी गोधडी पांघरल्यासारखा थर होता. त्यात आरेची लाल माती, सेटवर पीओपी घासताना उडणारी पांढरी पूड, खोल्यांमधला कापडाचा भुसा, आणि हे सगळं धरून ठेवायला तेल.

तेल येत होतं ब्रीदर पाइपमधून. क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी ही नळी फॅनच्या जरा मागे संपत होती. चालू इंजिनाच्या वाफेत तेलाचा धूर असतो, फॅन तो उचलतो आणि जाळीवर बसवतो, मग त्यावर धूळ चिकटते. जाळी कितीही वेळा धुतली तरी नळीचं तोंड तिथेच राहिलं तर दोन-तीन महिन्यांत थर परत येणार. रेडिएटर साफ करूनही जनरेटर पुन्हा तापतो, त्यातल्या फार मोठ्या भागाचं मूळ मला या नळीत सापडलं आहे. नळी वाढवून पेटीच्या तळातून खाली बाहेर काढायची. ती कुठे दबू किंवा मोडू द्यायची नाही, आणि तोंड तिरकं कापायचं म्हणजे चिखलाने बुजत नाही. नळीतून वाफेचे जोराचे झोत येत असतील, तेलही उडत असेल तर रिंग-पिस्टनची झीज तपासावी लागेल, ते वेगळं काम आहे.

धुण्याची पद्धतही महत्त्वाची. आधी श्राउड काढा. तेलकट थरावर डीग्रीझर (तेल सोडवणारं द्रावण) मारून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. मग साध्या होजने बाहेरून आत, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने पाणी सोडा, म्हणजे घाण आली त्या वाटेनेच परत निघते. आतून बाहेर झोत मारलात तर गोधडी जाळीच्या पोटात आणखी घट्ट बसते. गाड्या धुतात ते प्रेशर वॉशर इथे नको, त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पापण्या वाकतात आणि वाकलेल्या पापण्यांतून हवा जात नाही. अल्टरनेटरवर आणि पॅनलवर आधी प्लास्टिक बांधा. मढ, गोराई, अक्सा भागात कायम फिरणाऱ्या गाड्यांवर खारी हवा बसते, त्यांना महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने नुसतं भिजवून धुणं पुरतं.

धुऊन बसवल्यावर परत मोजलं. ५९ चा फरक ५५ वर आला. उरलेले ३ अंश कुठे होते ते शोधायला मला अजून अर्धा दिवस लागला.

सायलेंट, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पेटीत रेडिएटर हा एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला इंजिनाची खोली, दुसऱ्या बाजूला गरम हवा बाहेर जाण्याची खोली. रेडिएटरच्या चारही कडा आणि पेटीचा पत्रा यांच्यात फोमची किंवा रबराची पट्टी असते. रेडिएटर आतून साफ करायला उतरवला होता ना, तेव्हा ती पट्टी निघाली आणि परत बसवली गेली नाही. वरच्या कडेला बोटभर फट राहिली. बाहेर ढकललेली गरम हवा त्या फटीतून परत इंजिनाच्या खोलीत येत होती आणि फॅन तीच हवा पुन्हा जाळीतून काढत होता. बाहेरचा थर्मामीटर हे दाखवत नाही. मी पतंगाच्या कागदाच्या बारीक पट्ट्या रेडिएटरच्या कडांना चिकटवल्या आणि दार लावायच्या आधी, लांब उभं राहून बघितलं. वरची पट्टी आतल्या बाजूला फडफडत होती. कागद फॅनच्या टप्प्यात येणार नाही एवढा आखूडच ठेवायचा आणि चालू फॅनजवळ हात न्यायचा नाही.

नागदेवी स्ट्रीटवरून उष्णता सोसणारी ईपीडीएम रबराची स्पंजपट्टी आणली, चारही बाजूंनी बसवली. फरक ५२. वहीतला जुना आकडा परत आला, आणि खरं सांगायचं तर तो आकडा स्क्रीनवर बघून मला फार बरं वाटलं. थर्मोस्टॅट आणि पंप दोन्ही पहिल्यापासून चांगले होते.

जागेतले ७ अंश

मुंबईत शूटिंगच्या गाडीला जागा मागून मिळत नाही. बंगल्याच्या कंपाउंडमध्ये भिंतीला चिकटून, दोन व्हॅनिटी पाठीला पाठ लावून, गल्लीत झाडाखाली, मिळेल तिथे उभी करावी लागते. गरम हवा भिंतीवर आपटते, परत फिरते आणि लूव्हरमधून आत जाते. शेजारी दुसरी व्हॅनिटी असेल तर तिच्या जनरेटरची हवा तुमच्या तोंडात. म्हणून ड्रायव्हरला एकच गोष्ट समजावून द्या. गरम हवा बाहेर पडते ती बाजू मोकळी ठेवायची, निदान चार फूट. तेवढी जागा नसेल तर गाडी उलट तोंडाने लावा, म्हणजे भिंतीकडे लूव्हरची बाजू येईल आणि गरम हवा रस्त्याकडे जाईल. ओढणाऱ्या बाजूला दोन फूटही पुरतात, फेकणाऱ्या बाजूला पुरत नाहीत. मढच्या त्या बंगल्यावर गाडी नुसती उलट लावली आणि लूव्हरपाशी ४२ ऐवजी ३६ आले.

दुसरा त्रास आवाजाचा. लाइव्ह साउंड असला की जनरेटरचा आवाज खटकतो, मग कोणीतरी लूव्हरसमोर प्लाय उभा करतं, गाद्या लावतं. पावसात निळी ताडपत्री पेटीवरून खालपर्यंत सोडतात. असं करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याला फक्त हे माहीत नसतं की मशीन तिथूनच श्वास घेतं. १ जानेवारी २००५ नंतर बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) डिझेल जनरेटरला पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या आत राहायचं बंधन आहे. पेटीत फोम भरला, हवेचे रस्ते वळणावळणाचे केले, तेव्हा तो आकडा गाठला जातो. म्हणजे हवेचा रस्ता मुळातच जेमतेम पुरेल एवढा ठेवलेला असतो. त्यात आपण एक गादी लावली की काही उरत नाही. आवाज कमी हवा असेल तर प्लाय चार-पाच फूट लांब, तिरका उभा करा. ताडपत्री छत्रीसारखी वर ताणा, बाजूने सोडू नका.

पेटीच्या आतला फोमही बघा. जुना झाला की चिकटवणी सुटते आणि तुकडा लटकून लूव्हर आतून बंद करतो. दार उघडलं की तो दाराबरोबर बाहेर येतो, त्यामुळे दार उघडून बघणाऱ्याला रस्ता मोकळाच दिसतो. दार बंद करून, लूव्हरमधून टॉर्च मारून बघा.

लोड क्लॅम्प मीटरने बघा, अंदाजाने नाही

क्लॅम्प मीटर तारेभोवती अडकवला की तिच्यातला करंट दाखवतो. १५ केव्हीएचा थ्री फेज जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरला १२ किलोवॅट देतो, म्हणजे दर फेजला सुमारे २१ अँपिअर. तीन खोल्यांचे तीन एसी, अटेंडंटच्या केबिनचा चौथा, २ ते ३ किलोवॅटचा गीझर, फ्रिज, मायक्रोवेव्ह, आणि मेकअपच्या वेळी दीड-दोन किलोवॅटचा हेअर ड्रायर आणि इस्त्री. सकाळी सातला हे सगळं एकदम चालू असतं तरी तापत नाही, कारण हवा गार असते. दुपारी हवा गरम होते आणि एसीचे कॉम्प्रेसरही जास्त करंट घेऊ लागतात. म्हणजे उकाड्याने रेडिएटरचं काम अवघड होतं आणि त्याच वेळी लोडही वाढतो. दुपारी अडीचची वेळ ठरलेली असते ती या दोन्हीमुळे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. एका फेजवर २५ आणि दुसऱ्यावर ८ अँपिअर असेल तर त्याने अल्टरनेटरची वाइंडिंग तापते. इंजिनाला मात्र एकूण किलोवॅट दिसतात. जळका वार्निशचा वास, पाण्याचं तापमान ठीक आणि अल्टरनेटरचं धूड हात लावता येणार नाही एवढं गरम असेल तर कूलंटच्या मागे लागू नका. फेज वाटून घ्या, आणि गीझर व एसी एकाच फेजवर ठेवू नका.

वजाबाकी वाढलीय आणि जाळी साफ आहे, तर

मग पाणी नीट फिरतं का ते बघायचं. ज्या चाचणीला इंजिन चालू किंवा गरम लागतं ती सोडून, हे सगळं इंजिन गार असताना, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून. व्हॅनिटीत स्टार्टचं बटण आत अटेंडंटच्या पॅनलवरही असतं. तुमचा हात पट्ट्यात असताना आतल्याने लाइट गेली म्हणून बटण दाबलं तर बोटं जातात. मी हे जवळून बघितलंय, म्हणून निगेटिव्ह काढल्याशिवाय मी शिकाऊ मुलांना पेटीत हात घालू देत नाही.

फॅनचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पुलीच्या खाचेत कुठे बसतो. झिजलेला पट्टा खाचेच्या तळाला टेकतो, तळ आरशासारखा चमकतो, आणि ताण बरोबर असूनही पट्टा घसरतो. तो फक्त लोडवर घसरतो, म्हणून गॅरेजमध्ये कळत नाही. पुलीचा तळ चमकताना दिसला की पट्टा बदला.

रेडिएटरचं झाकण स्वस्त आहे, पण त्याच्या स्प्रिंगवर बरंच अवलंबून असतं. ०.९ बारचं झाकण धरलं तर निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) मिसळलेलं पाणी १२० अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग गेली, झाकण दाब धरेना, की तेच १०७ च्या आसपास उकळू लागतं आणि इंजिनाच्या आत जिथे सगळ्यात गरम असतं तिथे त्याआधीच वाफेचे फुगे धरतात. रबर कडक झालेलं किंवा चिरलेलं दिसलं तर आकडा बघून तेवढ्याच दाबाचं नवं झाकण घ्या. जास्त दाबाचं लावून होज फोडू नका.

आत कोणतं पाणी आहे हेही विचारा. सेटवर कूलंट कमी दिसलं की अटेंडंट हाताला येईल ते पाणी ओततो, आणि आपल्याकडे सेटवर टँकरचं बोअरचं पाणी असतं. त्यातले क्षार नळ्यांच्या आत खडी धरतात. इंजिन गरम असताना इन्फ्रारेडने जाळीवर वरून खाली, ओळीओळीने मोजा. मध्येच गार पट्टा लागला तर त्या नळ्या बंद आहेत, बाहेरून कितीही धुवा. बाटलीबंद डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट निम्मं-निम्मं मिसळून पाच लिटरचा कॅन गाडीतच ठेवला की हा प्रश्न पुढे येत नाही. कूलंट भरताना हळू भरा, एअर ब्लीडचा स्क्रू असेल तर तो सैल करून त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत भरा. गाडी उतारावर उभी असेल तर हवा अडकते आणि पॅनलवरचा काटा मग वेडावाकडा नाचतो.

पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी सुकलेल्या कूलंटचे हिरवे किंवा गुलाबी ओघळ असतील तर आतलं सील गेलं. एवढं बघणं पुरे.

हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्या मधल्या पट्टीची भीती सगळ्यांना असते, आणि तिची चाचणी सोपी आहे. पूर्ण गार इंजिन चालू करा आणि फॅन-पट्ट्यापासून हात लांब ठेवून वरच्या होजला हात लावून ठेवा. मिनिटभरात, होज अजून गार असतानाच ती दगडासारखी कडक झाली तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं, तरीही तेच. मग हेड उतरवण्याला पर्याय नाही, आणि उतरवलं की त्याचा सपाटपणा तपासून घ्या.

दोन गोष्टी ज्या मी कुणालाही करू देत नाही

एक, थर्मोस्टॅट काढून टाकणं. "मुंबईत कशाला हवा थर्मोस्टॅट" असं सर्रास म्हणतात. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरकडे न जाताच परत फिरतं आणि उलट तापमान वाढतं. शिवाय सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही, झीज होते.

दुसरी याहून वाईट. ट्रिपच्या सेन्सरची वायर काढून ठेवणं. शॉट चालू असतो, प्रॉडक्शनवाले ओरडत असतात, एसी बंद झाला की सगळ्यांची नजर गाडीवरच्या पोरावर. तो घाबरून वायर काढतो. त्या दिवशी शूटिंग पार पडतं आणि हेड वाकतं. पण मला त्याहून काळजी त्या पोराची वाटते. तो रात्री त्याच गाडीत, जनरेटरच्या वर, केबिनमध्ये झोपतो. अति तापलेल्या पेटीत सायलेन्सरचे जोड आणि गॅस्केट सुटतात आणि धूर पेटीत, तिथून फळीच्या भोकांतून गाडीत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे जण मृत सापडले, जनरेटरमधला हाच वायू आत शिरला होता. म्हणून तापण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीत मी सायलेन्सरच्या जोडांवर काजळी शोधतो, केबल जाण्यासाठी पाडलेली भोकं बुजवतो, आणि मालकाला केबिनमध्ये बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावायला सांगतो. सांगून ऐकलं नाही तर परत सांगतो.

सेटवर लाल दिवा लागलाच तर

आकडा चढताना दिसतोय पण ट्रिप झालेला नसेल, तर जनरेटर लगेच बंद करू नका. आधी गीझर, इस्त्री, मग एक-एक एसी बंद करा आणि बिनलोडवर पाच मिनिटं चालू द्या, पाणी फिरत राहून आतली उष्णता बाहेर जाते. मात्र कूलंट बाहेर सांडताना दिसत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर लगेच बंद.

ट्रिप झाला असेल तर पेटीची दारं उघडा आणि निदान पाऊण तास थांबा. झाकणाला हात लावू नका. गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं की उकळतं कूलंट तोंडावर येतं. इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. वरच्या होजला उघडा हात आरामात लावता आला की मगच झाकण, तेही जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंत, फुसफुस थांबेपर्यंत, आणि मग पूर्ण.

या थांबण्याच्या वेळात कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवायच्या. किती वाजले, गाडी कुठे आणि कोणत्या तोंडाने उभी होती, लूव्हरपाशी हवा किती, ट्रिपच्या आधी पाणी किती, दर फेजला किती अँपिअर. तो कागद माझ्याकडे आला की निम्मं काम फोनवर होतं.

त्या गाडीच्या पेटीच्या दाराला आतून मी एक तक्ता चिकटवलाय आणि दोरीला पेन बांधलंय. मुलगा आता दर शिफ्टला दुपारी दोन वाजता नोंद करतो. मे संपेपर्यंत फरक ५१ ते ५३ च्या बाहेर गेला नाही. जूनच्या पहिल्या पावसात एक दिवस ५६ लिहिलेलं दिसलं आणि त्याने स्वतःच फोन केला. ताडपत्रीचं टोक वाऱ्याने लूव्हरवर आलं होतं, ते त्याने माझा फोन लागायच्या आधीच बाजूला केलं होतं.